कप्प्यातला फोन कोणाचा?

दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या वाशीम जिल्ह्यातल्या बाजारपेठा एकदम जाग्या होतात. सोयाबीन घरात आलेले असते, त्यातले काही बाजार समितीच्या आवारात जाते आणि हातात चार पैसे येतात. भाव मनासारखा मिळो न मिळो, सण तर होतोच. पूर्वी या दिवसांत घरात कापड यायचे, एखादे भांडे यायचे, फार झाले तर रेडिओ. आता मोबाइल येतो. वाशीम असो, रिसोड असो की कारंजा, दुकानाबाहेर हप्त्याने फोन देण्याच्या पाट्या झळकत असतात. नवा फोन घरी येतो, त्याला कव्हर चढते, काच चिकटवली जाते, सगळे घर तो हाताळून पाहते. आणि जुना? तो कपाटाच्या कप्प्यात जातो. कोणी विचारलेच तर उत्तर ठरलेले, ‘असू दे, लागेल कधी तरी.’

हे ‘कधी तरी’ सहसा येत नाही. त्या कप्प्यातल्या फोनविषयीच आज थोडे बोलायचे आहे.

परदेशी गेलेली आपली मुले सांगतात, की तिकडे फोन बहुधा कंपनीशी केलेल्या करारावर मिळतो. करार दोन वर्षांचा. तो संपला की कंपनीच नवा फोन पुढे करते आणि जुना तुमच्याकडे उरतो. आपल्याकडे तसा करार नाही. बहुतेकांचे सिम प्रीपेड आणि फोन आपल्या पैशांचा, नाहीतर हप्त्यांचा. पण हप्ते फिटले की दुकानदाराचा निरोप येतो, नवे मॉडेल आले आहे. म्हणजे वाट वेगळी असली तरी मुक्काम एकच. घरात एक धडधाकट फोन रिकामा बसून असतो.

आपल्याला तो टाकवत नाही, यात नवल नाही. आपल्या देशात मोबाइलवरचे पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या दिवसांत आपण अकोला जिल्ह्यात होतो. वाशीम हा स्वतंत्र जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी. तेव्हा आपला संबंध होता तो एस.टी.डी.च्या पिवळ्या पाटीशी आणि रात्री दर उतरण्याची वाट पाहत लागलेल्या रांगेशी. मोबाइल हाती आला तेव्हाही आलेला फोन उचलण्याचे पैसे पडत. ते २००३ साली बंद झाले. असा तो महागाईचा काळ ज्यांनी पाहिला, त्यांच्या मनात फोन म्हणजे जपून ठेवायची वस्तू. पुढे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला, फोन भराभर बदलू लागले. पण मन मात्र जुनेच राहिले. फोन बदलायला आपण शिकलो, त्याची पाठवणी करायला शिकलो नाही.

खरे तर वस्तूची पाठवणी कशी करावी, हे आपल्या घरांना कोणी शिकवायला नको होते. आईचे लुगडे जुने झाले की त्याची गोधडी होई. गोधडी विरली की पोतेरे होई. थोरल्याची पुस्तके धाकट्याला जात, धाकट्याची शेजारच्याला. प्रत्येक वस्तूला उतरण्यासाठी एक जिना होता आणि कोणत्या पायरीवर ती कोणाकडे जाणार, हे घरातल्या बाईला पक्के ठाऊक असे. पितळेचा तांब्या मात्र माळ्यावर वीस वर्षे पडून राहिला तरी बिघडत नसे. चिंचेने घासला की पुन्हा लख्ख. घोटाळा इथेच झाला आहे. फोन आहे लुगड्याच्या जातीचा आणि आपण त्याला ठेवतो तांब्यासारखा.

फोन नुसता पडून पडून मरतो. पहिले कारण बॅटरी. लिथियमची बॅटरी वापरली नाही तरी हळूहळू उतरत राहते. पार उतरून महिनोन्‌महिने तशीच राहिली, तर पुढे ती चार्जिंग घेईनाशी होते. त्यात आपला उन्हाळा. पत्र्याच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात एप्रिल-मे काढलेल्या बॅटरीकडून फार अपेक्षा ठेवू नये. कधी ती फुगते. फुगलेली बॅटरी चार्जिंगला लावू नये, टोचू नये, दाबू नये. ती धोक्याची असते.

दुसरे कारण फोनच्या आतल्या प्रणालीचे. कंपनी काही वर्षे सुधारणा पाठवते, नंतर थांबते. मग एक दिवस बँकेचे ॲप चालत नाही, पुढे व्हॉट्सॲपही चालत नाही. तिसरे कारण नेटवर्कचे. थ्री-जीच्या काळातला फोन तेव्हा झकास होता, पण एअरटेलने २०१९-२० मध्ये थ्री-जी बंद केले आणि जिओकडे ते कधी नव्हतेच. म्हणून आज चार माणसांच्या उपयोगी पडणारा फोन तीन वर्षांनी कप्प्यातून काढला, तर तो कोणाच्याच उपयोगाचा नसतो. ‘लागेल कधी तरी’ म्हणत आपण तो सांभाळत नसतो, वाया घालवत असतो.

आता कोणी म्हणेल, जाईना का वाया! आमचा फोन, आमचे पैसे. या प्रश्नाचे उत्तर २०२० सालाने देऊन ठेवले आहे. त्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि पुढे ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ अशी घोषणा आली. शिक्षण येणार होते ते फोनमधून. त्या वर्षी ‘असर’ या संस्थेच्या देशव्यापी ग्रामीण पाहणीत आढळले, की शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे. दोन वर्षांपूर्वी तो ३६.५ टक्के मुलांच्या घरी होता. वाढ मोठी, पण हिशेब उलटा मांडून पाहा. दर दहा मुलांमागे जवळजवळ चौघांच्या घरी तो नव्हताच. आणि ज्या घरी होता, तिथेही एकच असेल तर तो बापाबरोबर शेतात किंवा कामावर गेलेला. मुलाला तो मिळणार रात्री, तोही चार्जिंग उरले असेल तर. त्याच काळात त्याच गल्लीतल्या दुसऱ्या घरी एखादा चालता फोन कप्प्यात झोपलेला होता. दोन्ही घरांना एकमेकांची कल्पना नव्हती, एवढेच.

ते संकट गेले, पण फोनची गरज गेली नाही. उलट आता ती शेताच्या बांधापर्यंत आली आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. आपल्या शेतात काय पेरले, हे शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून, फोनवर फोटो काढून नोंदवायचे. ही नोंद सातबाऱ्यावर लागते. हमीभावाने सोयाबीन विकायचे असले की ती आधी विचारली जाते. ज्याच्याकडे साधा बटनांचा फोन आहे, त्याने कोणाची तरी मनधरणी करायची. शेजाऱ्याला वेळ असेल तेव्हा त्याला वावरात न्यायचे आणि मुदत संपायच्या आत हे सगळे उरकायचे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने वीज पडण्याचा इशारा देणारे ‘दामिनी’ नावाचे ॲप केले आहे. उघड्या रानात काम करणाऱ्याला त्याचे मोल सांगायला नको. या कामांना पन्नास हजारांचा फोन लागत नाही. तुमच्या कप्प्यातला चार वर्षांचा फोन ती सहज करतो.

म्हणून पहिले सांगणे असे, की निर्णय पहिल्या आठवड्यातच घ्यावा. नवा फोन घरात आला, की त्याच बैठकीत जुना कोणाचा हे ठरवून टाकावे.

पण इथे थोडे थांबून आपल्याच घराकडे पाहायला हवे. आपल्याकडे जुना फोन घरातच राहिला, तर तो बहुतेक वेळा कोणाकडे जातो? मालकांनी नवा घेतला की जुना मालकिणीकडे. मुलाला कॉलेजसाठी नवा, त्याचा तडकलेल्या काचेचा जुना फोन बहिणीला. शिळी भाकरी जशी न विचारता बाईच्या ताटात जाते, तसाच हा फोन जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २१ च्या फेरीत, स्वतः वापरते असा मोबाइल जिच्याकडे आहे अशा स्त्रियांचे प्रमाण देशात ५४ टक्के निघाले. म्हणजे उरलेल्या जवळपास निम्म्या बायकांचा फोन नवऱ्याचा, मुलाचा किंवा दिराचा. आज बचत गटाचा हिशेब असो की बँकेचा ओटीपी, सगळे फोनवर येते. ओटीपी ज्याच्या फोनवर येतो, पैशाची किल्ली त्याच्या हातात राहते. म्हणून घरातला जुना फोन बाईला द्यायचा असेल तर तो नीट करून द्यावा. नवी बॅटरी घालून, काच बदलून, तिच्या नावाचे सिम घालून द्यावा. पासवर्ड तिचा तिला ठेवू द्यावा. आणि एखाद्या वर्षी उलटे करून पाहायला काय हरकत आहे? नवा फोन लेकीला आणि तिचा जुना बापाला. बापाला तसेही बोलायला, बातम्या पाहायला आणि भजने ऐकायलाच तर हवा असतो!

घराबाहेर द्यायचा तर काळजी आणखी जास्त. आपल्या राज्याने या बाबतीत एक धडा पाहिला आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल सरकारलाच परत केले. फोन गरम होतात, अडकतात, पोषणाच्या नोंदींचे ॲप त्यांच्यावर नीट चालत नाही, दुरुस्तीचा खर्च अंगावर पडतो, अशी त्यांची तक्रार होती. ज्या हातात फोन दिला त्या हाताला काम किती, याचा विचार न करता फोन दिला की तो मदत न होता ओझे होतो. सरकारला जे लागू, ते आपल्यालाही लागू. जो फोन आपल्याला दिवसभर हातात धरवत नाही, तो गरिबाच्या मुलीला ‘अभ्यासाला होईल’ म्हणून देणे हे दान नव्हे. ती अडगळीची बदली आहे.

मग द्यावा कसा? ज्याला द्यायचा त्याचे काम आधी विचारावे. स्पर्धा परीक्षेसाठी अभ्यासिकेत बसणारा मुलगा, आश्रमशाळेतून पुढे शिकायला आलेली तांड्यावरची मुलगी, एकटी राहणारी आजी, प्रत्येकाची गरज निराळी. आजीला आवाज मोठा हवा आणि अक्षर मोठे हवे. मुलीला दिवसभर टिकणारी बॅटरी हवी. फोनबरोबर चार्जर द्यावा आणि जमल्यास पहिल्या तीन महिन्यांचे रिचार्ज करून द्यावे. जुलै २०२४ मध्ये कंपन्यांनी दर वाढवल्यापासून रिचार्ज ही हातावर पोट असलेल्या घराला जड जाणारी बाब झाली आहे. फोन फुकट मिळाला तरी तो दरमहा पैसे मागतो, हे देणाऱ्याने विसरू नये. आणि एकदा दिला की दिला. ‘अभ्यासच करतेस ना?’ अशी चौकशी दर आठवड्याला करू नये. दिलेल्या वस्तूवर नजर ठेवणाऱ्याला आपल्याकडे दाता म्हणत नाहीत, सावकार म्हणतात.

देण्याआधी स्वतःचे सामान मात्र बाहेर काढायला हवे. फोन म्हणजे आता घराचे कपाटच. त्यात लग्नाचे फोटो आहेत, आधार आहे, बँकेचे पासबुक आहे, डॉक्टरांचे कागद आहेत. भाड्याचे घर सोडताना आपण जसे खोली-खोली पाहतो, तसे पाहावे. फोटो आणि नंबर नव्या फोनवर उतरवून घ्यावेत. व्हॉट्सॲप हलवावे. पैसे पाठवण्याची ॲप्स नव्या फोनवर सुरू झाली, याची खात्री करून जुन्यातून बाहेर पडावे. सिम काढावे, मेमरी कार्ड काढावे. मग आपले गुगलचे किंवा ॲपलचे खाते फोनमधून काढावे आणि शेवटी फॅक्टरी रिसेट करावे. क्रम महत्त्वाचा आहे. खाते न काढता फोन पुसला, तर पुढच्या माणसापाशी तो तुमचाच पासवर्ड मागत बसू शकतो. रिसेट करायला भीती वाटत असेल तर घरातल्या आठवी-नववीतल्या मुलाला शेजारी बसवावे. बिल सापडले तर फोनबरोबर द्यावे. नसेल तर एका कागदावर फोनचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक, तारीख आणि दोघांच्या सह्या. उद्या काही प्रश्न आलाच तर हा कागद दोघांनाही उपयोगी पडतो.

काहींना फोन विकायचा असतो, त्यातही गैर काही नाही. नव्याच्या किमतीत तो वळता करून घेणारे दुकानदार आहेत, जुने फोन घेणाऱ्या कंपन्या आहेत. फक्त कोणाला विकतो, ते पाहावे. खेड्यापाड्यांतून मोटारसायकलला भोंगा लावून फिरणारे लोक आता सर्वांच्या ओळखीचे झाले आहेत. बंद पडलेला, फुटलेला कसलाही मोबाइल द्या आणि प्लॅस्टिकचे टोपले घ्या. दारात माणूस आला, अडगळ गेली, टोपले मिळाले, म्हणून सगळे खूष. पण ऑगस्ट २०२४ मध्ये शेजारच्या तेलंगणात रामगुंडमकडे पोलिसांनी असे गोळा केलेले सुमारे चार हजार जुने फोन पकडले. झारखंडकडच्या ऑनलाइन फसवणूक करणाऱ्या टोळ्यांकडे ते जाणार होते, असे पोलिसांनी सांगितले. आपण दिलेल्या फोनवरून उद्या एखाद्या म्हाताऱ्या पेन्शनराला ‘बँकेतून बोलतोय’ असा फोन जावा, आणि तोही एका टोपल्यापायी! भोंगेवाला प्रत्येकच चोर असतो असे नव्हे. त्यातले बरेच पोटासाठी फिरणारे असतात. पण पुढे कुठे जातो हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्या हाती आपला फोन देऊ नये.

जुना फोन घेणाऱ्यानेही सावध असावे. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश असे दाबले की फोनचा आयएमईआय क्रमांक दिसतो. ‘केवायएम’ लिहून, जागा सोडून तो क्रमांक टाकावा आणि १४४२२ वर संदेश पाठवावा, म्हणजे त्या फोनची माहिती मिळते. चोरीचा फोन बंद करण्याची सोय केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’वर मे २०२३ पासून देशभर आहे. स्वस्तात मिळाला म्हणून घेतलेला फोन चोरीचा निघाला, तर पैसेही जातात आणि पोलिस ठाण्याच्या चकराही पडतात.

आता उरले ते खरोखरच मेलेले फोन. काच गेली, बोर्ड जळाला, दुरुस्ती करणाऱ्याने हात टेकले. यांचे काय? आपल्याकडे सराफा ओळीत एके काळी झारेकरी येत. सोनाराच्या दुकानातला आणि दुकानापुढचा केर-माती गोळा करून, धुऊन, त्यातून सोन्याचे कण काढणे हा त्यांचा व्यवसाय. मातीतही सोने असते, हे त्यांना कळले होते. मेलेला फोन तसाच आहे. त्यात थोडे सोने, थोडी चांदी आणि बरेच तांबे असते. जपानने हे करून दाखवले. टोकियो ऑलिम्पिकसाठी २०१७ ते २०१९ या काळात लोकांकडून जुनी विजेची उपकरणे मागवली. त्यात ६२ लाखांवर मोबाइल आले. त्या सगळ्या सामानातून सुमारे ३२ किलो सोने आणि साडेतीन हजार किलो चांदी निघाली आणि स्पर्धेची सुमारे ५ हजार पदके त्यातूनच घडली. नीरज चोप्राने २०२१ मध्ये तिथे भालाफेकीत जिंकलेले सुवर्णपदक आपण सगळ्यांनी कौतुकाने पाहिले. ते कोणाच्या तरी कप्प्यातल्या जुन्या फोनमधून आले होते.

मात्र हेच काम घरगुती पद्धतीने झाले की विष होते. दिल्लीतले सीलमपूर आणि उत्तर प्रदेशातले मुरादाबाद इथे वर्षानुवर्षे बोर्ड जाळून, तेजाबात बुडवून धातू काढले गेले. त्यात शिसे आणि धूर हे काम करणाऱ्यांच्या, कित्येकदा लहान मुलांच्या, छातीत गेले आणि राख रामगंगेच्या काठी पडली. फोन भंगारात देताना आपण त्याला कोणत्या वाटेला लावतो, हे म्हणूनच महत्त्वाचे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी फोन बनवणाऱ्या कंपन्यांवर अशा कचऱ्याच्या शास्त्रीय पुनर्वापराची जबाबदारी टाकली आहे. तेव्हा कंपनीच्या सेवा केंद्रात मेलेला फोन घेऊन जाण्यात संकोच कसला? पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था घरोघरचा ई-कचराही गोळा करते. आपल्याकडे एवढी मोठी यंत्रणा लगेच उभी राहणार नाही, पण सुरुवात करायला ती लागतही नाही. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा या सहा तालुक्यांच्या गावी नगरपालिकेने, नगरपंचायतीने किंवा एखाद्या शाळेने वर्षातून दोन दिवस ठरवावेत. एक दिवाळीनंतरचा आणि एक शाळा सुरू होण्याच्या आधीचा. चालते फोन एका टेबलावर, मेलेले दुसऱ्यावर. मोबाइल दुरुस्तीची दुकाने करणारी तरुण मुले आता गावोगाव आहेत. त्यांनी चालते फोन तपासून, पुसून द्यावेत आणि शाळेने गरज पाहून ते वाटावेत. मेलेले एकत्र करून अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे पाठवावेत. एका घरातला एक फोन कोणी न्यायला येणार नाही, शंभर घरांचे शंभर जमले तर येतील.

तोवर आपल्या हातात आपला कप्पा आहेच. आज रविवार आहे, घरात सगळे आहेत. जेवणे झाल्यावर कपाटातले जुने फोन बाहेर काढा. प्रत्येक फोन अर्धा तास चार्जिंगला लावून पाहा, फुगलेली बॅटरी असेल तो मात्र बाजूला ठेवा. जो सुरू होईल, त्याच्यासाठी सगळ्यांनी मिळून एक नाव सुचवा आणि ते कागदावर लिहून त्यावर चिकटवा. जो सुरू होणार नाही, तो एका पिशवीत घाला आणि पुढच्या वेळी अकोल्याला किंवा वाशीमला जाल तेव्हा कंपनीच्या सेवा केंद्रात नेऊन द्या. आणि ज्याच्यावर नाव लागले, तो पुढच्या रविवारच्या आत त्याच्या घरी पोचता करा. सोयाबीनच्या पुढच्या पेरणीला अजून अवकाश असेल, पण मुलांच्या परीक्षा तोंडावर असतात.